नाण्यांवरची दुर्मिळ पुस्तकं: जमवावीत कशी, जपावीत कशी आणि लोकांपुढे मांडावीत कशी

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. नाणी 13 हजारांहून जास्त, सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात वंशातल्या क्षत्रप राजाची. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली. नहपानाचा पाडाव झाल्याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. आज ही नाणी वेगवेगळ्या संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत विखुरलेली आहेत. अख्खं घबाड एका ठिकाणी पाहायचं असेल, तर ते कागदावरच पाहायला मिळतं: रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखात.

नाण्यांवरची जुनी पुस्तकं जमवायला लागायचं ते एवढ्यासाठी. नाणी विकली जातात, वितळतात, हात बदलतात; ती कुठे, कशासोबत आणि किती सापडली हे सांगायला पुस्तकच उरतं. तरीही आपल्याकडच्या नाणेप्रदर्शनांत पुस्तक असतं ते टेबलाच्या कोपऱ्यात, कुणाला शंका आली तर उघडायला. त्याला मधल्या काचपेटीत जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ते करायचं कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी विषयाची चौकट

"भारतीय नाण्यांवरची सगळी जुनी पुस्तकं" हा विषय होऊ शकत नाही. तेवढा पैसा नसतो, तेवढी जागा नसते आणि मुख्य म्हणजे अशा ढिगातून काही सांगता येत नाही. एक राजवंश, एक प्रदेश, एक लेखक किंवा एखादा प्रश्न निवडा. दोन कपाटांत मावेल आणि दहा मिनिटांत कुणालाही समजावता येईल, एवढीच चौकट असावी.

महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसाला जवळचे चार विषय सुचवतो.

सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप हा सर्वांत समृद्ध. जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची कसोटी पाहणारा अधिकारी होता. 1832 पासून त्यानं बंगालच्या एशियाटिक सोसायटीचं जर्नल चालवलं आणि 1837-38 च्या सुमारास सौराष्ट्राच्या क्षत्रप नाण्यांवरची अक्षरं वाचली. त्याचे विखुरलेले लेख एडवर्ड टॉमसनं संपादित करून 1858 मध्ये लंडनहून दोन खंडांत काढले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी. सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये उकरून काढणारे हेच. पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा लेख 1890 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, रॅप्सननं संपादित करून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. आणि 1908 मध्ये त्याच रॅप्सनची ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली सूची आली. आंध्र (म्हणजेच सातवाहन), क्षत्रप, त्रैकूटक या वंशांच्या नाण्यांसाठी आजही तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

दुसरा विषय इंडो-पोर्तुगीज नाणी. इथे मुख्य नाव जुझे गर्सन द कुन्य यांचं. हे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे. 1880 पासून त्यांचा इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचा अभ्यास भागाभागांनी मुंबईत छापला गेला. भाग सुटे निघाल्यामुळे चारही भाग मूळ वेष्टनांसह एकत्र मिळणं फार अवघड. एखाद्या गोवेकर संग्राहकानं आयुष्यभर एवढ्याचाच पाठलाग केला, तरी ते सार्थकी लागेल.

तिसरा, दक्षिणेची नाणी. सर वॉल्टर एलियट कंपनीच्या नोकरीत दक्षिण मराठा मुलखात, धारवाडकडे होते आणि नाणी-शिलालेखांचा नाद त्यांना तिथेच लागला. दक्षिण भारतीय नाण्यांवरचं त्यांचं पुस्तक उतारवयात, दृष्टी गेल्यानंतर सिद्ध झालं.

चौथा, मराठ्यांची नाणी. यावर जुनं असं पुस्तक थोडंच. पण 1989 मध्ये अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेनं काढलेला माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ आजही शोधून शोधून मिळवावा लागतो. दुर्मिळ म्हणजे शंभर वर्षांचंच असं नाही. थोड्या प्रती छापून संपलेलं तीस-पस्तीस वर्षांचं पुस्तकसुद्धा दुर्मिळच.

घेण्याआधी वाचा

यातली बहुतेक जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनंही आपला जुना संग्रह 'ग्रंथ संजीवनी' या नावानं डिजिटल केला आहे. मग छापील प्रत घ्यायची कशाला, असं कुणीही विचारेल. स्कॅनमध्ये मजकूर असतो, पण घडीचा नकाशा अनेकदा घडीसकटच स्कॅन झालेला असतो. फलकांचे, म्हणजे नाण्यांच्या चित्रांच्या पानांचे, बारकावे करडे होऊन जातात. वेष्टन, जाहिराती आणि मालकाच्या टिपा तर बहुधा नसतातच.

तरी खरेदीच्या आधी स्कॅन उघडाच, कारण प्रत पूर्ण आहे की नाही हे त्याच्यावरून ताडता येतं. माझी पद्धत सांगतो.

स्कॅनमधून एका कागदावर यादी काढा: किती पानं रोमन आकड्यांची, किती साध्या आकड्यांची, फलक किती, नकाशे किती, शुद्धिपत्र आहे का, जाहिरातींची पानं आहेत का. एक स्कॅनही अपुरा असू शकतो, म्हणून जमल्यास दोन वेगळ्या ग्रंथालयांच्या प्रतींचे स्कॅन पडताळा. रॅप्सनच्या 1908 च्या सूचीसारख्या पुस्तकात तर शीर्षकपानावरच "एक नकाशा आणि 21 फलक" असं छापलेलं आहे, त्यामुळे काम सोपं. ही यादी घेऊन विक्रेत्याकडे जा. प्रत टपालानं येणार असेल, तर विक्रेत्याला सांगून प्रत्येक फलकाचा मोबाइलवर फोटो मागवा. "सगळं आहे साहेब" यावर विसंबू नका. विक्रेता खोटं बोलतो म्हणून नव्हे, त्यानं मोजलेलं नसतं म्हणून.

नाण्यांच्या पुस्तकात मजकुरापेक्षा फलक जास्त हरवतात. कुणी अभ्यासासाठी कापून घेतात, कुणी चौकटीत लावायला. सर्वांत वाईट गोष्ट बांधणीवाला करतो. जर्नलचे अंक वर्षाअखेरीस एकत्र बांधताना तो कडा छाटतो आणि फलकाच्या वरच्या कोपऱ्यातला क्रमांक अर्धा कापला जातो, कधी पूर्ण जातो. शिवाय सगळे फलक शेवटी एकत्र बांधलेले असतात किंवा भलत्याच लेखाशी लागलेले असतात. त्यामुळे फलक मोजताना क्रमांकावर भागत नाही. मजकुरात "फलक 2, नाणं 7" असा उल्लेख आला की त्या फलकावरचं सातवं नाणं खरोखर वर्णनाशी जुळतं का, हे दोन-तीन ठिकाणी तपासा. नहपानाचं नाणं म्हटलं असेल, तर एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांची कड, दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण दिसायला हवेत. पुन्हा ठोकलेलं असेल, तर गौतमीपुत्राच्या कमानींच्या चैत्याचं किंवा उज्जैन चिन्हाचं (अधिकचिन्ह आणि त्याच्या चार टोकांना वर्तुळं) टोक चेहऱ्यावर आडवंतिडवं आलेलं दिसेल. हे जुळलं, तर फलक योग्य जागी आहेत.

फलक कोणत्या तंत्रानं छापले आहेत हेही भिंगातून पाहा. प्रिन्सेप नाणं डोळ्यांनी पाहून रेखाटत असे. त्याच्या फलकांत रेषा दिसतात आणि रेखाटणाऱ्याचा समज-गैरसमजही दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांचे प्लास्टरचे ठसे घेऊन त्यांच्या छायाचित्रांवरून फलक छापायची पद्धत रूढ झाली. कनिंगहॅमचं 1891 चं प्राचीन भारतीय नाण्यांवरचं पुस्तक आणि ब्रिटिश म्युझियमच्या सूच्या पाहाव्यात. या फलकांत भिंगाखाली छापील वर्तमानपत्रासारखे ठिपके दिसत नाहीत, राखाडी छटा सलग उतरत जाते. तुमच्यापुढच्या प्रतीत फलकावर सरळ रांगेत ठिपके दिसले, तर ती मूळ प्रत नव्हे.

मूळ आवृत्ती की पुनर्मुद्रण

गेल्या साठ-सत्तर वर्षांत दिल्ली आणि वाराणसीच्या प्रकाशकांनी यातली पुष्कळ पुस्तकं पुन्हा छापली. वाचायला ती उत्तम. माझ्या टेबलावर रोज त्याच प्रती असतात. पण काही पुनर्मुद्रणांत जुनं शीर्षकपान तसंच छापलेलं असतं आणि नव्या प्रकाशकाचं नाव पाठच्या बाजूला बारीक अक्षरांत. तिकडे लक्ष गेलं नाही की पुस्तक जुन्या सालचं म्हणून विकलं जातं.

ओळखायला तीन गोष्टी पुरतात. जुन्या छपाईत खिळ्यांचा दाब कागदात उतरलेला असतो. पानाच्या मागून बोट हळूच फिरवलं तर जाणवतो. पुनर्मुद्रणात पान सपाट असतं. दुसरं, फलक: मुळात ते वेगळ्या, जाड कागदावर असतात, बहुधा एकाच बाजूला छापलेले आणि कधी पातळ संरक्षक कागदासह. पुनर्मुद्रणात मजकुराच्याच कागदावर आणि काळपट. तिसरं, कागदाचा रंग. कडेनं तपकिरी आणि मध्ये फिकट असं पिवळेपण काळानं येतं. सगळीकडे एकसारखं पिवळं पान संशयास्पद. हल्ली मागणीनुसार स्कॅनवरून छापून देणारेही झाले आहेत. त्यांच्या प्रतीत ग्रंथालयाचा शिक्काही छापूनच येतो, बोट लावलं की कळतं.

फलक नसलेली मूळ प्रत कधी घ्यावी? माझ्या मते फक्त दोन कारणांनी: त्यावर एखाद्या अभ्यासकाच्या हाताच्या टिपा असतील, किंवा पुस्तक इतकं विरळ असेल की दुसरी संधी दिसत नाही. नाहीतर तेवढ्या पैशात चांगलं पुनर्मुद्रण घ्या आणि पूर्ण प्रतीची वाट पाहा.

कुठे शोधायची

मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसपासचे पदपथ, पुण्यातली जुन्या पुस्तकांची दुकानं आणि रद्दीवाले, हैदराबादेत आबिड्सचा रविवारचा बाजार, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट. या ठिकाणी नाण्यांचं पुस्तक इतिहासात नसतं. ते कायद्याच्या पुस्तकांत असतं, गॅझेटियरच्या ढिगात असतं, नाहीतर "इंग्रजी जुनी" या गठ्ठ्यात. नाणी विकणाऱ्या लिलावगृहांच्या सूचींतही हल्ली शेवटी पुस्तकांचे लॉट असतात. नाण्यांसाठी आलेले लोक तोपर्यंत उठून गेलेले असतात, त्यामुळे तिथे बसून राहण्यात फायदा आहे.

पण चांगल्या प्रती येतात त्या घरांतून. संग्राहक गेला की नाणी वाटली जातात आणि पुस्तकं रद्दीत जातात. म्हणून आपल्या शहरातल्या नाणेमंडळात सगळ्यांना सांगून ठेवा की तुम्ही पुस्तकं घेता. कुटुंबीयांशी बोलताना पुस्तकाची खरी किंमत सांगा. एका घरात सचोटी दिसली की पुढची तीन घरं उघडतात.

जर्नलमधल्या लेखांच्या सुट्या प्रतींकडे लक्ष ठेवा. लेखकाला त्याच्या लेखाच्या काही प्रती वेगळ्या छापून मिळत आणि तो त्या मित्रांना सही करून पाठवत असे. पातळ, मळकट वेष्टनाच्या या पुस्तिका गठ्ठ्यात सहज निसटतात. संपूर्ण जर्नलचा खंड मिळणं एक वेळ सोपं, पण सहीची सुटी प्रत मिळणं भाग्याचं.

शिक्के, सह्या आणि कायदा

पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर थांबा. सोबत "रद्द" किंवा "निर्लेखित" असा शिक्का आहे का? नसेल, तर त्या ग्रंथालयाला पत्र लिहून विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे द्या. उत्तर आलं नाही, तर पुस्तक सोडा. कितीही दुर्मिळ असलं तरी. ग्रंथालयातून चोरीला गेलेली प्रत आपल्या काचपेटीत लागली, तर सगळ्या संग्रहावर डाग पडतो.

मालकाची सही, पुस्तकपट्टी, समासातल्या टिपा यांना मात्र जपा. खोडरबर फिरवून प्रत "स्वच्छ" करणारे विक्रेते आहेत. त्यांना आधीच नको म्हणून सांगा. एखाद्या सूचीच्या समासात पेन्सिलीनं "माझ्याकडे, वजन इतकं, अमुक गावच्या बाजारात" असं लिहिलेलं असतं. अशी एक ओळ म्हणजे एका नाण्याची नोंद, जी दुसरीकडे कुठेच नाही.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची नाणी आणि वस्तू, तसंच 75 वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं, दस्तऐवज यांना पुरावशेष मानलं जातं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुस्तकात जुनी पत्रं, हस्तलिखित टिपणं असतील, तर ती याच्या कक्षेत येऊ शकतात. परदेशातल्या मित्राला किंवा लिलावगृहाला काही पाठवायचं असेल, तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्या.

पावसाळ्याशी सामना

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हाच पुस्तकांचा शत्रू. कागदाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे आषाढात ती 80 च्या वर असते. एक छोटा आर्द्रतामापक विकत घेऊन कपाटात ठेवा. याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, जमिनीपासूनही वर उचला. पुस्तकं खेचून काढावी लागतील इतकी दाटीनं लावू नका. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून परत ठेवा. पावसाचा जोर असताना कपाट "हवा लागावी" म्हणून उघडं ठेवायची सवय मोडा. हवेबरोबर ओलच आत येते. उघडायचं ते कोरड्या दिवशी, दुपारी.

डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. त्यांनी बुरशी थांबत नाही, वास मात्र कागदात वर्षानुवर्षं राहतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच, तर तो पुरता वाळलेला हवा आणि पानांत न घालता फळीवर, पुरचुंडीत ठेवा. कसर किंवा पुस्तककिडा लागलेली नवी प्रत घरात आली, तर ती आधी वेगळी ठेवा. कोरडी असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18-20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड पुस्तकावर दव धरतं.

बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका. पुस्तक सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. बुरशीची भुकटी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशनं पुस्तकापासून दूर झटका.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं म्हणजे पान कायमचं घालवणं. काही वर्षांत डिंक तपकिरी होऊन आरपार उतरतो. त्याजागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, पण हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तोवर फाटका तुकडा आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, त्याच पानापाशी. चामड्याच्या बांधणीला तेल चोळू नका. चामडं लाल भुकटी होऊन सुटत असेल, तर पुस्तकासाठी मापाची पेटी करून घ्या. नवी बांधणी हा अगदी शेवटचा उपाय.

आणि नाणं पुस्तकात ठेवू नका. तांब्याची शिवराई खूण म्हणून पानात ठेवली, तर दोन पावसाळ्यांत दोन्ही पानांवर हिरवा-तपकिरी डाग पडतो.

नोंदवही

प्रत्येक पुस्तकाची नोंद आल्या दिवशीच करा. माझ्या वहीतली नोंद साधारण अशी असते:

"रॅप्सन, आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची, लंडन 1908. मूळ कापडी बांधणी, कणा वरून उसवलेला. नकाशा आहे, घडीवर चीर. फलक 21 पैकी 21, फलक 9 च्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग. समासात पेन्सिलीच्या टिपा, मराठीत, पाच पानांवर. कुणाकडून, केव्हा, केवढ्याला."

डागाचा, चिरेचा, शिक्क्याचा फोटो काढून नोंदीला जोडा. पुस्तकावर काही लिहायचंच असेल, तर शेवटच्या कोऱ्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं फक्त क्रमांक लिहा. वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या. तुमच्यामागे पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत यासाठी त्या वहीचाच आधार होतो.

प्रदर्शन: एकच गोष्ट सांगा

पुस्तकं मांडताना सगळ्यांत जास्त फसतं ते "माझ्याकडे हे आहे, हेही आहे" या पद्धतीनं. बंद मुखपृष्ठांची रांग कुणी थांबून पाहत नाही. एक प्रश्न घ्या आणि प्रत्येक पुस्तक त्याच्या उत्तरातली एक पायरी म्हणून उघडून ठेवा.

जोगलटेंभीचंच उदाहरण घेऊ. प्रश्न: नहपानाला हरवणारा कोण, हे आपल्याला कसं कळलं? पाच पेट्या पुरे.

पहिल्या पेटीत प्रिन्सेपचे 1858 चे संकलित लेख, क्षत्रप नाण्यांच्या फलकापाशी उघडलेले. चिठ्ठीत एवढंच, की अक्षरं वाचता येऊ लागली तिथून ही गोष्ट सुरू होते. दुसऱ्या पेटीत भगवानलालांचा 1890 चा लेख. इथे चिठ्ठी थोडी मोठी करा, कारण मराठी प्रेक्षकाला हे नाव सोपाऱ्यामुळे ओळखीचं वाटेल. तिसऱ्या पेटीत पुस्तकाऐवजी नाशिकच्या लेण्यांतल्या, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखाचं छायाचित्र आणि त्याच्या वाचनाचं छापील पान. "क्षहरातांचा वंश निर्मूळ करणारा" असं तिथे तिच्या मुलाबद्दल म्हटलं आहे. शब्दांचा पुरावा झाला. चौथी पेटी मधोमध, सर्वांत मोठी: स्कॉटचा घबाडावरचा लेख, फलकासह. नहपानाचे चेहरे नाण्यानाण्यागणिक इतके वेगळे का, हा प्रश्न स्कॉटलाही पडला होता. प्रेक्षकाला तो फलकावर स्वतः पाहू द्या. कुणाकडे खरं पुन्हा ठोकलेलं नाणं असेल, तर ते शेजारी, स्वतंत्र खाचेत, भिंगाखाली ठेवा. पाचव्या पेटीत रॅप्सनची 1908 ची सूची. घबाड मिळून दोनच वर्षं झाली असताना त्याचा पुरावा प्रस्तावनेत पचवून मांडलेला आहे, हे पान उघडा.

यातलं एखादं मूळ पुस्तक तुमच्याकडे नसेल, तर पुनर्मुद्रण ठेवा आणि चिठ्ठीत "पुनर्मुद्रण" असं स्वच्छ लिहा.

आता मांडणीचे तपशील.

पुस्तक 180 अंशांत उघडं ठेवू नका. जुन्या शिवणीला 100 ते 120 अंश पुरे, घट्ट बांधणीला 90. त्यासाठी आम्लविरहित पुठ्ठ्याचा पाळणा करतात: दोन तिरक्या बाजू आणि मध्ये कण्याला खोबण. पानं उडू नयेत म्हणून पारदर्शक पॉलिएस्टरची अरुंद पट्टी पानाभोवती सैल फिरवून पट्टीची टोकं पट्टीलाच चिकटवा. चिकट भाग कागदाला लागता कामा नये. पीव्हीसीचं मऊ प्लॅस्टिक पेटीत नकोच, त्यातून निघणारी वाफ कागद आणि नाणी दोन्ही बिघडवते.

उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवा. डोळ्याला तो आधी अपुरा वाटतो, म्हणून सभोवतालचा उजेडही थोडा कमी करायला आयोजकांना सांगा. पेटी खिडकीसमोर नको आणि पेटीच्या आत गरम होणारा दिवा तर मुळीच नको. प्रदर्शन आठवड्याहून जास्त चालणार असेल, तर अधूनमधून पान बदला.

चिठ्ठी आधी मराठीत, 60 ते 80 शब्दांची, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या टायपात. चिठ्ठीत पुस्तकाची किंमत नको आणि "अत्यंत दुर्मिळ" हे शब्दही नकोत. प्रेक्षकानं फलकावर नेमकं कुठे पाहायचं, हे लिहा: "तिसऱ्या रांगेतलं दुसरं नाणं. चेहऱ्याच्या गालावर तीन कमानी दिसतात?" लोक वाकून पाहतात, मग शेजारच्याला बोलावतात. याशिवाय एका फलकाचं मोठं छायाचित्र मागच्या भिंतीवर लावा. जुन्या पुस्तकांना स्वामित्वहक्काची अडचण सहसा येत नाही, कारण आपल्याकडे हक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. पण 1989 च्या ग्रंथातली पानं मोठी करून लावायची, तर प्रकाशकाची परवानगी घ्या.

एक गोष्ट आवर्जून करा. पेट्यांशेजारी साध्या टेबलावर त्याच पुस्तकांची पुनर्मुद्रणं ठेवा, उघडून चाळण्यासाठी. मुलं तिथेच रमतात. माणूस मात्र त्या टेबलाशी बसलेला हवा. "हे नाणं आमच्याकडे आहे, यात सापडेल का?" असं विचारणाऱ्याला सूचीत नाणं कसं शोधायचं ते तिथल्या तिथे दाखवता येतं: आधी आकार आणि धातू, मग चिन्ह, मग अक्षरं, शेवटी फलक.

पेट्यांना कुलूप हवं आणि किल्ली एकाच माणसाकडे. आयोजकांशी आधीच लेखी ठरवा: रात्री पेट्या हॉलमध्ये राहणार की पुस्तकं बाहेर काढणार, पहारा कुणाचा, विमा कुणाचा. पुस्तकं नेताना कणा खाली करून किंवा आडवी, घट्ट बसणाऱ्या खोक्यात न्या.

प्रदर्शन संपल्यावर घाईनं आवरू नका. नोंदवही समोर ठेवून प्रत्येक पुस्तक तपासा: फलक तेवढेच आहेत ना, कण्याला नवी चीर नाही ना, उघड्या पानाचा रंग शेजारच्या पानाशी जुळतो ना. किती दिवस आणि कोणतं पान उजेडात होतं, ते त्या पुस्तकाच्या नोंदीत लिहा. पुढच्या वेळी तेच पान पुन्हा उघडायचं नाही. पट्ट्या काढून पुस्तक बंद करा आणि काही दिवस आडवं, हलक्या वजनाखाली ठेवा, म्हणजे पाळण्यावर ताणलेली शिवण पुन्हा बसते. प्रदर्शनात कुणी आपल्या घरच्या पुस्तकाबद्दल सांगितलं असेल, तर त्यांचा नंबर त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घ्या आणि आठवडा उलटायच्या आत फोन करा.